मिलिंग मशीन ‘आउट’ आहे, पण नेमकं कुठं?

जॉबची, म्हणजे मशीनवर चढवलेल्या तुकड्याची, जाडी एका कडेला कमी भरली, हेड आउट. भोक तिरकं गेलं, हेड आउट. फेसिंगनंतर, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट केल्यावर, पायऱ्या दिसल्या, तरीही हेडच आउट. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मिलिंगच्या शेडमध्ये थोडा वेळ उभं राहिलं, तर सगळं खापर एकट्या हेडवर, म्हणजे कटर फिरवणाऱ्या वरच्या भागावर, फुटताना दिसतं. हेड बऱ्याचदा आउट, म्हणजे काटकोनातून ढळलेलं, असतंही. पण मशीनमध्ये काटकोन बिघडायच्या बऱ्याच जागा आहेत आणि प्रत्येक जागा जॉबवर आपली वेगळी खूण सोडते. ती खूण न वाचता हेडचे बोल्ट ढिले केले, तर दुसरीकडची चूक हेडच्या आड लपते. त्या जॉबपुरतं भागतं, पुढच्या जॉबला तीच चूक नव्या रूपात समोर येते.

हा लेख छोट्या मशीनसाठी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या मोठ्या कारखान्यांत मशीन बसवायला आणि तपासायला वेगळी माणसं असतात. सेकंडहँड टरेट मिलिंग (हेड फिरवता-कलवता येणारं मशीन) किंवा टेबलावर मावणारं मिल-ड्रिल टेम्पोतून आणून घरामागच्या शेडमध्ये उभं करणाऱ्याला ती सोय नाही. तिथं मालक, ऑपरेटर आणि तपासनीस एकच. त्याला हे काम स्वतःच करावं लागतं, आणि ते करता येतं, हे मला सांगायचं आहे. महागडं साधन लागत नाही. क्रम पाळावा लागतो आणि मोजायचं साधन खोटं निघालं तरी खरं माप कसं काढायचं, ते समजून घ्यावं लागतं.

मिलिंग मशीनकडून आपली अपेक्षा तशी थोडकीच असते. टेबल डावी-उजवीकडे सरळ रेषेत जावं. पुढं-मागं जाताना ते पहिल्या चालीशी काटकोनात जावं. वर-खाली होताना या दोन्हींशी काटकोनात. टेबलाचा पृष्ठभाग पहिल्या दोन चालींना समांतर असावा. आणि कटर फिरवणारा स्पिंडल ज्या आसाभोवती फिरतो तो आस टेबलाला काटकोनात उभा असावा. बर्लिनचे प्राध्यापक गेऑर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ साली अशा तपासण्यांची पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली: कुठल्या मशीनवर काय तपासायचं, डायल (काट्यानं बारीक फरक दाखवणारं साधन) कुठं लावायचा, किती फरक चालेल. आजचं आयएसओ २३० हे मानक त्याच वाटेवरचं आहे. स्पिंडल आणि टेबल यांच्या काटकोनासाठी ३०० मिमीला साधारण ०.०२ ते ०.०२५ मिमी फरक चांगल्या मशीनला मान्य धरतात. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो, त्यावरून या आकड्याचा अंदाज यावा.

सामान म्हणाल तर ०.०१ मिमीचा लिव्हर डायल (आपल्याकडं ज्याला पपी डायल म्हणतात तो), मॅग्नेटिक स्टँड, एक बरा गुण्या, ग्राइंड केलेल्या दोन पॅरलल पट्ट्या, ऑइल स्टोन आणि मोठ्या बेअरिंगची जुनी बाहेरची रिंग. रिंग कशाला, ते पुढं येईल.

आधी पाया, मग जिब

मशीन चार बोल्टवर उभं असतं आणि जमीन कधीच सपाट नसते. चार पायांची खाट ओबडधोबड जमिनीवर ठेवली की एक पाय अधांतरी राहतो. मशीनचंही तसंच होतं, फक्त आपण तो चौथा पाय बोल्ट आवळून जबरदस्तीनं खाली बसवतो. मग पिळवटतो तो बेड. अँगलच्या हलक्या स्टँडवर बसवलेल्या लहान मशीनला हा पीळ फार लवकर बसतो. तपासायची पद्धत सोपी: मॅग्नेटिक स्टँड टेबलावर, डायलचं टोक कॉलमवर किंवा स्पिंडलच्या नाकावर, काटा झिरोवर. आता खालचे बोल्ट एकेक करून ढिले करा. एखादा बोल्ट सुटताना काटा हलला, तर त्या पायाखाली पोकळी आहे. तिथं नेमक्या जाडीची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला आणि बोल्ट आवळताना काटा जागचा हलणार नाही इथवर या. मशीन पाणसळीत असणं त्यामानानं दुय्यम. मशीन थोडं कललेलं असलं तरी बिनपिळाचं असेल तर अचूक काम देतं. पाणसळीत असूनही पिळवटलेलं मशीन देत नाही.

जिब म्हणजे टेबल आणि सॅडल (टेबलाखालचा सरकणारा भाग) यांच्या घळीतली ती पट्टी, जी झीज भरून काढते. ती ढिली असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये आयटीआयचा मुलगा डायल लावून टेबल तपासत होता आणि काटा दर वेळी वेगळं दाखवत होता.

“हात काढ टेबलावरनं,” मेस्त्री म्हणाले.

“काढलाय की वो.”

“आन् कोपर?”

मुलानं टेबलाच्या टोकावर टेकवलेलं कोपर उचललं आणि काटा तीन घरं मागं आला. म्हणजे नुसत्या कोपराच्या भारानं टेबल ०.०३ मिमी खाली जात होतं. कटरचा दाब तर याच्या कितीतरी पट. मेस्त्रींनी जिबचा स्क्रू आवळला, टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातानं फिरवलं, पुन्हा जरा आवळला. टेबल मधोमध असताना चाल गुळगुळीत होती, टोकांना जड लागायला लागली. तिथं त्यांनी हात थांबवला.

त्या टोकांच्या जडपणाला कारण आहे. बहुतेक काम टेबलाच्या मधल्या पट्ट्यात होतं, म्हणून घळी मध्येच झिजतात. मधल्या जागेला बेताची जिब टोकांना घट्ट होते. जुन्या मशीनला ही तडजोड करावीच लागते. खरा उपाय स्क्रॅपिंग. ब्लू (उंच जागा दाखवणारा निळा रंग) लावून उंच ठिपके काढत बसायचं ते काम हाताच्या कसबाचं आहे आणि ते शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं.

साधन खोटं असेल तर?

टेबलाची लांबीची आणि रुंदीची चाल काटकोनात आहे का, हे गुण्यानं बघायचं. गुण्या टेबलावर आडवा ठेवायचा, डायल स्पिंडलला बांधायचा. एक भुजा लांबीच्या चालीला लावून काटा स्थिर करायचा, मग डायल दुसऱ्या भुजेवर नेऊन टेबल पुढं-मागं करायचं. काटा सरकला तेवढी चूक. पण चूक कुणाची, मशीनची की गुण्याची? बाजारातला साधा गुण्या कितपत खरा, याची खात्री कोण देणार?

इथं एक युक्ती आहे, आणि अचूक मोजमापाच्या सगळ्या विद्येत मला ती सर्वांत सुंदर वाटते: साधन उलटवा. समजा १५० मिमीच्या भुजेवर काट्यानं ०.०५ मिमी दाखवलं. आता गुण्या पालथा घाला, म्हणजे त्याची दुसरी भुजा विरुद्ध दिशेला जाईल, आणि पुन्हा तसंच मोजा. या खेपेला त्याच दिशेनं ०.०१ मिमी आलं. मशीनची चूक दोन्ही वेळा तशीच राहिली, कारण मशीन आपण हलवलंच नाही. गुण्याची चूक मात्र उलटली: पहिल्या वेळी मिळवली गेली, दुसऱ्या वेळी वजा झाली. दोन्हींची सरासरी ०.०३, ती मशीनची चूक. उरलेली ०.०२ गुण्याची. एका खोट्या गुण्यानं मशीनही मोजलं आणि गुण्याही. आता त्या गुण्यावर ०.०२ असं लिहून ठेवा. आपली चूक किती ते माहीत असलेला गुण्या कामाला चालतो.

स्पिरिट लेव्हलचंही तेच. ठेवून वाचा, जागच्या जागी अर्धा फेरा फिरवून पुन्हा वाचा. दोन वाचनांतल्या फरकाचा निम्मा भाग लेव्हलचा स्वतःचा.

टेबलाचा पृष्ठभाग चालीला समांतर आहे का, ते पाहायला डायल स्थिर ठेवून टेबल खालून सरकवा. जुन्या टेबलावर ड्रिलनं पडलेले खड्डे असतात, त्यांच्या कडा उंच झालेल्या असतात. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. म्हणून आधी ऑइल स्टोन फिरवायचा, फडक्यानं पुसायचं आणि शेवटी तळहात फिरवायचा. फडक्यातून निसटलेला कचरा तळहाताला लागतो.

हेड

आता हेडची पाळी. व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) काढून ठेवा. स्पिंडलला आडवा दांडा बांधून त्याच्या टोकाला डायल लावा आणि स्पिंडल हातानं फिरवा, म्हणजे डायलचं टोक टेबलावर वर्तुळ काढेल. टेबलाच्या खाचांमध्ये (टी-स्लॉटमध्ये) टोक अडकतं, म्हणून ती बेअरिंगची रिंग टेबलावर ठेवा. तिच्या दोन्ही कडा ग्राइंड केलेल्या आणि समांतर असतात, टोक त्यावरून सुरळीत फिरतं. रिंगवर शंका असेल तर तीही अर्धा फेरा फिरवून बघा.

या पद्धतीतही उलटवण्याचीच युक्ती दडली आहे. डायल स्पिंडलबरोबर फिरतो, त्यामुळे दांडा थोडा वाकडा असला, कोलेटमध्ये (स्पिंडलच्या पकडीत) डायल जरा तिरका धरला गेला, तरी ती चूक डावीकडं आणि उजवीकडं सारखीच राहते. दोन्हीकडच्या वाचनांतला फरक फक्त आसाचा कल सांगतो. हाच कल दंडगोल मँड्रेल (तपासणीचा दांडा) स्पिंडलमध्ये लावून मोजला तर मँड्रेलचा रनआउट, म्हणजे फिरतानाचं डोलणं, त्यात मिसळतो. मग स्पिंडल अर्धा फेरा फिरवून दोनदा मोजायचं आणि सरासरी घ्यायची.

डावीकडं झिरो, उजवीकडं ०.१२ आलं तर सगळं ०.१२ एकदम काढायला जाऊ नका. हेड फिरवलं की एक बाजू खाली जाते तेवढीच दुसरी वर येते. म्हणून डायल उजवीकडं ठेवून हेड हलकं ठोकत काटा ०.०६ वर आणायचा, डावीकडं जाऊन पुन्हा झिरो करायचा, परत उजवीकडं. बोल्ट आवळताना हेड सरकतं, आणि बराच वेळ इथंच जातो. चारही बोल्ट आधी हाताला लागतील इतपत, मग आडवे-तिडवे थोडे थोडे, दर वेळी काट्याकडं बघत. पूर्ण आवळल्यावरचं वाचन तेवढं खरं. डावी-उजवी बाजू झाली की पुढची-मागची.

हे जमलं नाही तर जॉबवर काय दिसतं? धरून चला की ३०० मिमीच्या फेरीत ०.१ मिमी फरक आहे. हेड डावी-उजवीकडं कललेलं असेल आणि ६० मिमीचा फेस कटर लांबीच्या दिशेनं चालवला, तर कटरच्या वाटेत मधोमध ०.०१ मिमी खोल पन्हळ पडते. कल पुढं-मागं असेल तर पन्हळ पडत नाही, प्रत्येक पास एका बाजूला उतरता येतो. कटर ४० मिमी सरकवून पुढचा पास घेतला की मध्ये ०.०१३ मिमीची पायरी उरते, नखाला लागेल अशी. म्हणजे पायऱ्या दिसल्या तर पुढचा-मागचा कल बघा, डावा-उजवा नाही. एवढं माहीत असलं तरी निम्मा वेळ वाचतो.

भोकांची गोष्ट याहून मजेशीर आहे. त्याच कलानं क्विल (स्पिंडल घेऊन वर-खाली होणारी नळी) खाली ओढून १०० मिमी खोल बोअर केलं, तर ते ०.०३३ मिमी तिरकं जातं, कारण क्विल हेडबरोबर कललेली आहे. आता क्विल लॉक करा आणि टेबलच खालून वर उचलून तेच बोअर करा. भोकाची दिशा टेबलाच्या उभ्या चालीची येते, हेडचा कल तिच्यात शिरत नाही. भोक किंचित लंबगोल होतं, पण ते आपल्या कुठल्याही साधनानं मोजता येणार नाही इतकं कमी. दोन्ही प्रकारांनी एकेक भोक करून बघा. पहिलं तिरकं आणि दुसरं सरळ असेल तर हेड दोषी. दुसरंही तिरकं असेल तर हेडला हात लावू नका, दोष उभ्या चालीत आहे.

ही उभी चाल फार कमी लोक तपासतात. हेड टेबलाला काटकोनात असणं आणि टेबल काटकोनात वर-खाली होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभी चाल १५० मिमीला ०.०६ मिमी तिरकी आहे असं समजा. एज फाइंडरनं जॉबची कड धरली, मग चक आणि लांब ड्रिल बसवायला टेबल १५० मिमी खाली घेतलं. भोक ०.०६ मिमी बाजूला पडलं, आणि ऑपरेटर डीआरओला (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणाऱ्या यंत्राला) दोष देत बसला. तपासायला गुण्या उभा ठेवा, डायल त्याच्या उभ्या भुजेला लावा आणि टेबल वर-खाली करा. मग गुण्या उभ्या उभ्या अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या बाजूनं तसंच, आणि सरासरी. वाचन घेताना टेबल लॉक केलेलं असावं. लॉक आवळताना टेबल हलत असेल तर तेही लिहून घ्या, कारण काम करताना लॉक आवळलेलंच असणार.

लहान मिल-ड्रिलमध्ये हेड पुढं-मागं कलवायची सोयच नसते. तिथं कॉलमच्या बुडाशी शिम घालावी लागते. हेड २०० मिमीच्या फेरीत पुढच्या बाजूला ०.०६ मिमी जास्त फट दाखवतंय, म्हणजे कॉलम मागं झुकलाय. बुडाच्या पुढच्या-मागच्या बोल्टांमधलं अंतर १५० मिमी असेल तर ०.०६ गुणिले १५० भागिले २००, म्हणजे ०.०४५. मागच्या बोल्टांखाली ०.०५ मिमीची शिम. पण त्याआधी उभी चाल मोजा. ती मुळात सरळ असेल आणि फक्त हेड कललं असेल, तर कॉलमखाली शिम घालून चांगली चाल बिघडेल. तशा वेळी शिम हेड आणि त्याच्या सरकपट्टीच्या मध्ये जाते.

ऊन

कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पत्र्याची शेड दुपारी भट्टी होते. लांबीची मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरली जातात. बिडाची ३०० मिमी लांबी दहा अंशांनी तापली तर साधारण ०.०३ मिमी वाढते. मशीन, जॉब आणि मायक्रोमीटर तिन्ही सारखेच तापले आणि धातूही एकाच जातीचा असेल, तर मोजताना त्याचा फार त्रास होत नाही. ॲल्युमिनियमचं तसं नाही, ते बिडाच्या दुपटीहून जास्त वाढतं. मशीनवरून गरम उतरवलेला जॉब लगेच मोजू नये.

खरा धोका एकाच बाजूनं तापण्याचा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट कॉलमवर पडतंय असं समजा. ५०० मिमी उंच आणि १५० मिमी खोल कॉलमची एक बाजू दुसरीपेक्षा अवघे दोन अंश जास्त तापली, तरी कॉलम इतका वाकतो की वर बसलेल्या हेडचा कल ३०० मिमीला ०.०२२ मिमीनं बदलतो. म्हणजे चांगल्या मशीनला मान्य असलेला सगळा फरक त्या उन्हानंच खाल्ला. सकाळी अचूक लावलेलं हेड संध्याकाळी आउट दिसतं आणि कुणी तरी उगाच पुन्हा बोल्ट ढिले करतो. खिडकीला जाड पडदा लावा. आणि हेड डायल करायचं ते मशीन अर्धा तास चालवून, स्पिंडलच्या बेअरिंगा कोमट झाल्यावर.

बॅकलॅश, व्हाइस आणि शेवटचा कट

बॅकलॅशला लोक उगाच घाबरतात. हँडल उलटं फिरवल्यावर टेबल हलायच्या आधी ०.२ मिमी रिकामं जात असेल, तरी प्रत्येक मापाला एकाच बाजूनं येत राहिलात तर जॉबवर त्याचा परिणाम नाही. फक्त कटर ज्या दिशेनं ओढतो त्याच दिशेनं फीड देऊ नका. ढिल्या स्क्रूवर टेबल झटक्यानं पुढं ओढलं जातं, कटर तुटतो, कधी हातालाही लागतं.

व्हाइस बसवल्यावर स्थिर जबड्यावरून डायल लांबीच्या चालीत फिरवा. तोच जबडा उभा आहे का, तेही बघा. हलता जबडा आवळताना जॉब वर उचलतो, म्हणून आवळून झाल्यावर प्लास्टिकच्या हातोडीनं जॉब खाली बसवा. खालच्या पॅरलल पट्ट्या बोटानं हलता कामा नयेत.

शेवटी एखादा बिडाचा ठोकळा घ्या आणि फ्लाय कटरनं (एका पात्याच्या कटरनं) हलका पास मारा. हेड चांगलं लागलं असेल तर कटर जाताना एक चाप काढतो आणि त्याची मागची बाजू त्यावर उलटा चाप काढते, पृष्ठभागावर जाळीसारखी नक्षी येते. चाप एकाच दिशेचे असतील तर हेड त्या बाजूला कललेलं आहे. काही कारखान्यांत मागची बाजू घासू नये म्हणून मुद्दाम ३०० मिमीला एक-दोन शतांश मिलिमीटर कल ठेवतात. एकाच दिशेनं शेकडो जॉब काढायचे असतील तर ते योग्यच आहे. पण जिथं सकाळी गुऱ्हाळाच्या चरकाचा भाग आणि दुपारी हायड्रॉलिकचा ब्लॉक येतो, तिथं मी जाळीच मागेन.

ठोकळा पूर्ण थंड होऊ द्या. मग दुसरी बाजू वर करून पास मारा आणि पुन्हा थंड झाल्यावर चारही कोपऱ्यांची जाडी मायक्रोमीटरनं घ्या. चार आकडे एक-दोन शतांशांच्या आत असतील तर तारखेसह ते आकडे, गुण्याची चूक आणि त्या वेळचं शेडमधलं तापमान वहीत लिहा. मशीन जागेवरून हलवलं, कटर जॉबमध्ये जोरात अडकला किंवा कोनातल्या कामासाठी हेड तिरकं केलं, की ही वही उघडून पुन्हा पायापासून सुरुवात करायची.